साडेआठचे आठ, साडेसातचेही आठ

अहमदपूर, रविवार

मकबूलमामूंना रिजवानचा अदबीचा सलाम. मामीजानचे गुडघे कसे आहेत? मुखेडच्या बाजारापर्यंत चालू देतात का? इकडे सगळे खुशाल, म्हणजे निदान तब्येतीने खुशाल.

तुमची भाची सादिया आमच्या गल्लीतल्या गोड पदार्थांच्या स्पर्धेत उतरली, खुबानीचा मीठा घेऊन (पातेलं खरवडून मी आधीच खाल्लं होतं). समोर शांतम्मा काकूंची शेंगापोळी. परीक्षक दोन. अध्यक्ष भुजंगराव म्हणाले, पडद्यावर अपूर्णांक नको, लोक गोंधळतात. म्हणून सरासरी काढून पूर्ण आकडा दाखवणारा प्रोग्राम मी पायथन भाषेत लिहिला आणि छाती काढून बसलो. सादियाला नऊ आणि आठ पडले, म्हणजे साडेआठ. काकूंना आठ आणि सात, म्हणजे साडेसात. पडद्यावर मात्र दोघींपुढे आठ! शाळेत आपण अर्धा आला की वर ढकलायचो. पायथन बरोबर अर्ध्यावर आला की जवळचा सम आकडा धरतो, त्यामुळे साडेसात वर चढतात आणि साडेआठ खाली उतरतात (प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर बेरजा फुगतात, म्हणून). हे मी माईकवरून समजावून सांगितलं, तिथंच फसलो.

"म्हंजे माझे वर आन् हिचे खाली?" काकू म्हणाल्या. "लई गुणाचा हाय रे तुझा पायथन!"

सगळा मांडव हसला, सादिया सोडून. भुजंगराव बक्षिसाचा कुकर विभागून द्यायला निघाले (झाकण एकीला, भांडं दुसरीला). तेवढ्यात काकूंनी खुबानीचा चमचा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि कुकर उचलून सादियाच्या हातात दिला. "आकडा गेला खड्ड्यात. हिचं चांगलं झालंय." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

घरी सादियाकडून माझी शिक्षा मात्र चालू आहे. अडीच चपात्या मागितल्या की दोनच मिळतात. काल हुशारी करून साडेतीन मागितल्या, तर चार वाढल्या आणि संपेपर्यंत समोर बसून राहिली.

आपला जावई,
रिजवान

ता.क. खरं काम असं की, तुम्ही गणिताचे मास्तर, ती तुमचंच ऐकते. फोन करून एवढं सांगा, चूक भाषेची होती.

ता.क. २. मामू, हे सादिया लिहितेय, पाकीट मीच चिकटवतेय. चूक भाषेची नव्हती, नियम न वाचणाऱ्याची होती. फोन नको, मामीजानला घेऊन या. यांना मी केव्हाच माफ केलंय, पण एवढ्यात सांगू नका. सध्या न सांगता भांडी घासतात.