हुकांच्या दोन रांगा

शनिवार, संध्याकाळ

बॅले कंपनीचे पोशाख वीस वर्षं मी आखले. दौऱ्यात नर्तिका बदलतात, म्हणून प्रत्येक चोळीला हुकांच्या दोन रांगा लावायचे. नव्या डिझायनरबाईंनी एक रांग उसवली, बरी दिसत नाही म्हणे! आज पुण्यात बदली नायिकेला चोळीचे हुक लागेनात, तेव्हा कंपनीला मी आठवले. मॅनेजरचा फोन आला.

"मावशी, सुईदोरा घेऊन येता?"

गेले. का गेले? कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिवण शिकवली ती यासाठी? विंगेत दुखऱ्या गुडघ्यांवर बसून हुकांची रांग पुन्हा शिवली. मग कार्यक्रमपत्रिका पाहिली. वेशभूषा : पारंपरिक.

बाईंना विचारलं. "अहो, इतकी जुनी डिझाइन्स, कोणाची ते कुणाला ठाऊक?"

"माझी. आणि मी अजून मेलेले नाही."

पडदा उघडताच पोशाखांना टाळ्या पडल्या. परंपरेला असतील.