तिरुत्तणीला बोललेले केस

अप्पा, झालं एकदाचं. गेल्या गुरुवारी तिरुत्तणीच्या डोंगरावर जाऊन केस देऊन आले. आता निदान आत्याचे फोन तरी थांबतील. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, आणि तुमचं अर्धवट राहिलेलं काम पंचावन्नाव्या वर्षी मला निस्तरावं लागलं, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहायला बसले. नवस तुमचा, केस माझे आणि तगादा तुमच्या बहिणीचा. याला काय म्हणायचं?

मी नऊ वर्षांची होते, टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेली. तुम्ही तिरुत्तणीच्या देवाला, मुरुगनला, परस्पर सांगून टाकलंत, पोर वाचू दे, तिचं मोट्टै करतो. म्हणजे सगळं डोकं, तुळतुळीत. मला विचारलं नाहीत, आईला विचारलं नाहीत. तुमच्या स्वतःच्या डोक्यावर चांगलं दाट रान माजलं होतं, ते नाही बोललात! मी बरी झाले आणि आपण निघालो. वर्षाचे जितके दिवस तितक्या पायऱ्या, आणि तुम्ही मला प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावायला लावताय. माझी बोटं पिवळी, कंबर मोडलेली. असुरांशी लढून मुरुगन इथं आला, इथंच त्याचा राग निवला, म्हणून माणसानं आपला राग या डोंगरावर सोडून जायचं, असं तुम्ही मला समजावताय, आणि मध्येच नारळवाल्यावर खेकसताय. तुमची शांती तर अरक्कोणमला गाडी बदलेपर्यंतही टिकायची नाही. वर पोचल्यावर मी न्हाव्यापुढे बसते, तो वस्तरा पाण्यात बुडवतो, आणि तुम्ही एकदम माझं बखोट धरून मला उठवता. "आज फार गर्दी आहे. पुढच्या वर्षी येऊं." आपल्या मागे एकच माणूस होता, अप्पा. मग पुढच्या वर्षी शाळेचं गॅदरिंग आलं, मग मी मोठी झाले, मग लग्न. तुमच्याच्यानं बघवलं नसतं, एवढं मला आता कळतं. पण मग बोललात कशाला? देवाला शब्द द्यायला धीर लागत नाही, तो नंतर लागतो.

दोन वर्षांपूर्वी मला कॅन्सर झाला. केमो सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघरात केस मूठमूठ हातात यायला लागले, आणि चार दिवसांत डोकं साफ. आत्या बघायला आली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, नुंगंबाक्कमच्या आमच्या घराचे दोन जिने चढून आली. मी थट्टेनं म्हटलं, घ्या आत्या, तुमच्या भावाचं काम आपोआप झालं. ती हसलीसुद्धा नाही, आपल्या घरच्या जुन्या बोलीत म्हणाली, "तें गेलें. दिल्लें नव्हे. जें आपेआप पडलें तें सामीस देतात होय?" ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. पुढं औषधं संपली, केस परत उगवले. कुरळे, करडे, बोटाच्या पेराएवढे. मी दिवसातून दहादा आरशात बघायची. मला ते केस फार प्रिय होते, अप्पा, आयुष्यात दुसरं काही इतकं कौतुकानं पाहिलं नसेल. आणि दर रविवारी आत्याचा फोन. "किती वाढ्लें?" तुमच्या नवसावर मी जितकी चिडले, तितकी आजारावरही चिडले नव्हते.

शेवटी लेकीनं सिरुसेरीच्या ऑफिसातून रजा टाकली आणि आत्याला आणि मला गाडीनं थेट डोंगरावर नेलं. न्हावी शहाणा होता. बायकांनी टोकाला तीनदा कात्री लावून तेवढेच केस दिले तरी देवाला चालतं, तसं करू का, म्हणून त्यानं विचारलं. मी हो म्हणणार, तोच आत्या काठी आपटून म्हणाली, "मोट्टै. माझ्या अण्णानें तेंच सांगट्लें होत्तें." मी भांडायला तोंड उघडलं. पण तिचे पाय लटलटत होते, आणि मरण्याआधी भावाला या शब्दातून सोडवायचं एवढं एकच काम तिचं उरलं होतं. बसले. दोन मिनिटांत झालं. त्यानं डोक्याला चंदन थापलं आणि आत्या पदर तोंडाला लावून रडायला लागली. लोक म्हणतात, असं केल्यावर हलकं वाटतं. मला काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? मी गाडीत बसले ती धुमसतच.

उतरताना आत्या मागच्या सीटवर झोपून गेली. लेक म्हणाली, "अम्मा, सॉरी, पण तुझे अप्पा टू मच होते. माझ्या नावानं कोणी असं प्रॉमिस केलं असतं ना, मी त्या माणसाशी परत बोललेच नसते." मी मागे वळून आत्याचा पदर सारखा केला.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि घरात ठेवायचं तर ते लेकीच्या हाती लागायचं. तिला मराठी धड वाचता येत नाही, तरी धोका नको. फाडून टाकेन. त्याआधी एक सांगते. दुसऱ्या केमोनंतर एका दुपारी माझा ताप उतरेना. डॉक्टर बाहेर लेकीशी हळू आवाजात बोलून गेले. ही आत येऊन माझ्यावर वाकली, तेव्हा तिची कमरेपर्यंतची वेणी माझ्या हातावर पडली. माझ्या डोक्यावर तेव्हा द्यायला एक केस नव्हता, अप्पा. मी मुरुगनला तिचे बोलले. सगळे. तिला अजून विचारलेलं नाही.