अर्धवटचा निकाल

१४ मार्च, सकाळचे साडेअकरा

प्रिय ठमे,

नमस्कार. मी ठीक, तूही ठीक असशील असं धरून चालते. काकूंचा गुडघा आता कसा आहे? तू शाळेत शिकवतेस आणि पोरं तुला टरकून असतात, एवढं कानावर आलंय. दोन वर्षांत पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम हे कसं, म्हणशील. पण मला अजिबात दम निघत नाहीये, म्हणून आधी बातमी.

तुझा अर्धवट खरा निघाला!

सकाळी नऊला सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली. रव्याच्या कणाएवढे माशीचे गर्भ, रंगवलेले. पहिल्यावर चौदा पट्टे, दुसऱ्यावर चौदा, तिसऱ्यावर चौदा. चौथ्यावर सात! एकाआड एक पट्टा गायब, अगदी तू फळ्यावर काढून दाखवायचीस तस्सा. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतल्या तंत्रज्ञबाई धावत आल्या. "भाजलं का काय तुला?" म्हणाल्या. मग त्यांनाही दाखवलं. दोनशे सोळा गर्भ मोजले, एक्कावन्न सात पट्ट्यांचे. चारात एक!

तू म्हणायचीस, हे अर्धवट जनुक मुकादम आहे, स्वतः वीट उचलत नाही, बाकीच्या जनुकांना फक्त सांगतं, तू इथे काम सुरू कर, तू तिथे थांब. आईबाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली की मुकादमच नाही, मग निम्मे पट्टे आखलेच जात नाहीत. सरांना वाटत होतं तू रंगवण्यात घोळ घातलास. तुझा रंग चोख होता, ठमे. तुझं सगळंच चोख होतं.

मग दोन वर्षांपूर्वी तुझ्या दोनशे गर्भांत सात पट्ट्यांचे फक्त तीन का आले?

इथपर्यंत झरझर लिहिलं. मग उठून भांडी धुतली, टेबल पुसलं, परत येऊन बसले. लिहिते.

त्या आठवड्यात माद्या काढायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी आठला बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या, आणि तीनच्या आत नव्याने बाहेर आलेल्या माद्या वेचायच्या, म्हणजे त्यांना अजून नर लागलेला नसतो. मंगळवारी मी बारा वाजता आले. झोप लागली होती, बस. काही मोठं कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. बाटली रिकामी केलीच नाही. तीनला त्यातल्याच माद्या वेचून तुला दिल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं, "आठला रिकामी". त्या माद्या बाटलीतल्या धडधाकट नरांशी आधीच जुगलेल्या होत्या. तुझ्या गर्भांना चांगली प्रत मिळत गेली, ती तिथून.

तू मला विचारलं होतंस. बैठकीच्या आधी, जिन्यात.

"आठला नक्की रिकामी केली होतीस ना गं?"

"हो गं, शंका काय घेतेस!"

मग सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आकडे तुझ्या बाजूने नाहीत. हा नाद सोड." मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. तू पुढच्या महिन्यात सामान आवरलंस, आणि मी खोकी बांधायला मदत केली. त्याची मला अजून लाज वाटते.

तुझ्या माश्या मात्र मरू दिल्या नाहीत. दर तीन आठवड्यांनी नवं अन्न, नवी बाटली, दोन वर्षं. गेल्या महिन्यात सर म्हणाले, जुने वाण फेका. तेव्हा मी एक शेवटचा संकर मागून घेतला. या वेळी रोज साडेसातला हजर होते.

आता मी सरांकडे जाणार आहे. निकाल दाखवणार आणि मंगळवारचंही सांगणार. कदाचित मला इथून जावं लागेल. लागू दे. पण आधी पत्र टपालात टाकते, कारण आनंदाच्या भरात सर पाठ थोपटतील आणि माझी जीभ पुन्हा अडखळेल, मी ओळखते मला.

शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं. जनुकाचं नाव तूच ठेवलेलं, ते तसंच राहील. फक्त त्याच्यासाठी तरी ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी ते सात पट्टे बघ. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, मी त्या वेळी खोलीबाहेर थांबेन.

काकूंना नमस्कार.

तुझी, असं लिहायचा हक्क मी जिन्यात घालवला, म्हणून नुसतीच

मी