नववा काडीकिडा

अण्णा, तुम्हांला जाऊन आता चौदा वर्षे होतील. मी श्रीरामपूरला मुलींना शास्त्र शिकवते. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून आई रेशनच्या रांगेतही अनोळखी बायकांना "माझी लेक बी.एस्सी. आहे" असे सांगते. पण पाहायला मला कॉलेजने शिकवले नाही. ते तुम्ही शिकवलेत, पाथर्डीजवळच्या त्या एकशिक्षकी शाळेच्या ओसरीवर, जिथे तुम्ही मास्तर होतात.

त्या ओसरीवर मी दहा वर्षांची आहे. बोरीच्या फांदीवरच्या काडीकिड्याला मला चार पाय दिसतात आणि वहीत मी सहा लिहिते, कारण पुस्तकात किड्यांना सहा असतात. तुम्ही ओळ खोडता. "तुला किती दिसले?" "चार." "मग चार लिही. उरलेले दोन सापडेपर्यंत उठायचे नाही." ऊन कलल्यावर ते सापडले. पुढचे दोन पाय त्याने डोक्यापुढे सरळ ताणून धरले होते, काडीचे टोकच वाटावे असे. तुमची खूणही तेव्हाच कळली: हलकी फुंकर घालायची, काडी एकदा हलून थांबते, किडा मात्र वारा सुटला असे समजून डुलत राहतो. पुढे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बोरीच्या डहाळ्यांवर, मी नऊ किडे पाळले. वर मलमलीचे फडके.

मग शेजाऱ्याची म्हैस दगावली. चाऱ्यातून काडीकिडा पोटात गेला की जनावर मरते, असे गावात सगळेच मानत. शेजारी दहा-बारा माणसे घेऊन ओसरीपुढे आला. "काड्या पाळत्यात व्हय कुनी, मास्तर? तुमच्या पोरीचा किडा सुटला आन् माजी म्हस गेली. उद्यापास्नं एक पोरगं शाळंत येनार न्हाई." मुले नसली तर शाळा बंद, आणि शाळा बंद झाली तर आपण कुठे जाणार, हे मला त्या वयातही कळत होते. हा किडा पाला खातो, त्याला विष नसते, असे तुम्ही परोपरीने सांगितलेत. कुणी ऐकेना. शेवटी तुम्ही म्हणालात, "डब्यात नऊ होते. नऊ भरले, तर म्हशीशी आमचा संबंध नाही. बाळ, मोज."

मी फडके काढते. सगळे माझ्या मानेवर वाकलेले. फुंकर घालते, बोट ठेवते, मोजते. आठ डुलतात. मग एक वाळकी डहाळी एकदा हलते आणि थांबते. माझे बोट तिच्यावरच आहे. "नऊ," मी म्हणते.

"ह्यो हलंना की गं," शेजारी म्हणतो.

"झोपलाय."

"मास्तरची पोर काडीला अंगाई गाती!" मागून कुणी तरी हसते. तुम्ही चष्मा सारखा करून डब्यावर वाकता. फार वेळ पाहता. मग तुम्ही सरळ होता आणि म्हणता, "नऊ."

माणसे परतली. शाळा राहिली. संध्याकाळी तुम्ही डबा माळावर रिकामा केलात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तापाने गेलात. ती म्हैस किड्याने मेली नव्हती, हे मी आज कुणालाही पटवून देईन. पण तुमची नजर चुकली असे मला मानता येत नाही, आणि तुम्ही जाणून खोटे बोललात असेही मानता येत नाही. तुमच्या तोंडी तो शब्द मी घातला.

हे पत्र कुठे धाडायचे नाही, म्हणून लिहिते. काल वर्गात ही गोष्ट सांगत होते. पुढच्या बाकावरची मुलगी श्वास रोखून म्हणाली, "बाई, मग भरले का नऊ?"

मी म्हणाले, "भरले."