खुर्चीतल्या बाईची लकब

दि. ४ नोव्हेंबर १९७४, सोलापूर

शांतम्मा शिवशरण हत्तुरे, आज मी मैंदर्गीचे आपले घर सोडून साखर पेठेतील एका खोलीत राहावयास आलो. खोलीत भरपूर उजेड आहे. घरमालकीण चंद्रव्वा यांनी आल्याबरोबर कडक भाकरी व शेंगांची चटणी पाठविली. तू वारल्यापासून प्रथमच पोटभर जेवलो. पुण्याच्या प्रकाशकांना महिनाअखेर रहस्यकादंबरी हवी आहे. माझी पद्धत तू जाणतेसच. ओळखीच्या माणसांच्या लकबी उचलाव्यात, कार्डांवर टिपाव्यात आणि त्यांतून पात्र उभे करावे. आजारपणात तू म्हणाली होतीस, "मला घालू नका त्यात. गोष्टीत तरी मारू नका की." मी शब्द दिला होता.

दि. ९ नोव्हेंबर

खून होणारी बाई काही केल्या उभी राहीना. अखेर तुझी एक लकब घेतली: भाकरीचा पापुद्रा आधी सोलून दुधात बुडविण्याची. बाई तत्क्षणी जिवंत झाली. मग मोह आवरला नाही. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुला बसवून पुरले, भोवती मीठ आणि विभूती रचली, तेही घेतले. कादंबरीतील प्रेत खुर्चीत बसलेले सापडते. प्रकरण उत्तम साधले. हात तीनदा धुतले, तरी त्यांची किळस जात नाही.

दि. १३ नोव्हेंबर

तू भाकरी कशी खात होतीस, ते आठवत नाही. कार्ड वाचले, कोणा परक्या बाईविषयी लिहिल्यासारखे वाटले. जे कागदावर उतरले, ते माझ्याजवळून गेले. खुर्चीवर ओले मीठ आहे. त्यात पिवळट, तार सुटणारे पाणी आणि अर्धवट चघळलेला पापुद्रा. पुसून फडके बाहेर फेकले. चंद्रव्वा म्हणाल्या, "तुमच्या बाई आल्या ते सांगितलं न्हाय की, सर. लई गप हायत."

दि. १६ नोव्हेंबर

कार्डे जाळली. उपयोग नाही. कादंबरीतली ती बाई भरदुपारी माझ्या खुर्चीत बसते. चेहऱ्याच्या जागी मीठ पाझरते, कारण तुझा चेहरा मी अजून लिहिलेला नाही. तेवढाच माझ्याजवळ उरला आहे. तो देणार नाही. कादंबरी पुरी झाली तर कदाचित ती जाईल. त्यासाठी खुनी हवा. दुसऱ्या कोणाला ओढण्यापेक्षा स्वतःलाच घेतले: कोटाची बटणे दोनदा तपासणे, मोजूनमापून बोलणे, शब्द देऊन मोडणे.

दि. १८ नोव्हेंबर

कादंबरी संपली. ती गेली नाही. बटणे बोटांना सापडत नाहीत. बोलू लागलो तर घशातून नुसते खारट पाणी —

दि. १९, सकाळ

खुंटीवर कोट नाही. दार बाहेरून ओढले गेले. चंद्रव्वा विचारीत आहेत, "आन् बाई कुटं हायत, सर?" दाराबाहेरून उत्तर येते, माझाच आवाज, मोजूनमापून: बाई पुढे गेल्या, खोली रिकामी आहे.

हाक निघत नाही. वास — खुर्ची सरकते आहे. तिला चेहरा हवा —

नोंद: दाराला कुलूप लावले. किल्ल्या चंद्रव्वांना परत दिल्या. मी नव्हे, त्या मी लिहिलेल्या खुन्याने —