तेराची रात्र

१५ जानेवारी
दीपालीला नाटकातून काढलं. परवा आरमोरीकडच्या गावी प्रयोग होता, आणि नायिकाच आली नाही! कंपनीचे मालक गुलाबभाऊ, त्यांनी आज वडशाच्या ऑफिसात सगळ्यांसमोर मला विचारलं — फारूक, तुझ्या अ‍ॅपात प्रयोगाची तारीख बरोबर होती ना? मी ताठ मानेने म्हणालो, कम्प्यूटर चुकत नाही. बाकी सगळे वेळेवर आले, हीच कशी नाही?

ती नवीन आहे. दांडी मारणारी असं नाव पडलं, आता ऐन हंगामात कोणती कंपनी घेईल? काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. मीच मधे बोललो.

१६ जानेवारी
अ‍ॅप मीच लिहिलंय आणि बोलण्याआधी उघडूनही पाहिलं नव्हतं. आज सगळा कोड वाचला. काही चूक नाही. तरी परत पहिल्या ओळीपासून वाचला.

धम्मदीपला फोन केला. नागपूरला एकत्र नोकरीला होतो. हल्ली तो झेन वाचतो, पहाटे भिंतीकडे तोंड करून बसतो. त्यावरून मी त्याला फार पिडलंय. म्हणाला, "तू कोड वाचून नाई राह्यला, तुह्या मनातलं वाचून राह्यला. उत्तर बाजूले ठेव अन् नुसता बघ." मी म्हटलं, भिंतीकडे बघून चूक सापडते का रे! तर म्हणे, भिंतीची नाही, आपली सापडते.

१७ जानेवारी
नुसता बघत बसलो. प्रत्येक पायरीला मशीनला तारीख छापायला लावली. बरोबर म्हणायचं नाही, चूकही म्हणायचं नाही. फार अवघड! मन दर ओळीला म्हणतं, हे ठाऊक आहे, पुढे चल.

जेवायच्या आधी चूक सापडली. त्या गावी मंडईच्या जत्रेत आधी दंडारीचा नाच होता, म्हणून नाटक रात्री बाराला. मी भरलं — तेरा तारीख, रात्री बारा. आपली तेराची रात्र उजाडेपर्यंत तेराचीच. मशीनची तेरा तारीख मात्र रात्री बाराला सुरू होते. म्हणजे अ‍ॅपाने आदल्या रात्री बोलावलं!

लाज वाटते. फार लाज वाटते. दुरुस्तीला एक ओळ पुरली.

पण मग बाकीचे बरोबर रात्री कसे आले?

१८ जानेवारी
सगळ्यांसमोर चूक कबूल केली. गुलाबभाऊ म्हणाले, भूमिका दुसरीला दिली, पुढच्या हंगामात बघू.

मग आरमोरीला दीपालीच्या घरी गेलो. रागावली नाही, चहा ठेवला. त्यानेच जास्त मेलो. म्हणाली, "मी गेली होती भाऊ, आदल्या राती. मैदान रिकामं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपात 'प्रयोग झाला' असं दिसून राह्यलं होतं. मले वाटलं, रद्द झाला. मंग तुम्ही म्हणाले कम्प्यूटर चुकत नाई. म्हटलं, मीच चुकली असन."

१९ जानेवारी
बाकीच्यांना विचारलं. अ‍ॅप कोणीच उघडत नाही, एकमेकांना विचारून येतात. माझ्यावर विश्वास ठेवला तो फक्त दीपालीने.