एकाआड एक काप

सोमवार, ९ मार्च २०२६

ताईच्या फुफ्फुसात डाग. खोकला हटेना म्हणून आमच्याच सेंटरमध्ये स्कॅन काढला, नि हे निघालं. मिऱ्याएवढा. छातीचे डॉक्टर म्हणाले, "जुना स्कॅन आहे का? तेव्हाही एवढाच असेल तर सोडून देऊ. नसेल तर नवा आहे, काढावा लागेल."

२००७ साली ताई स्कूटरवरून पडली होती, तेव्हा बरगड्यांसाठी काढला होता. इथेच. रेकॉर्डरूम तेव्हाही माझ्याकडे, आताही. ताई म्हणाली, "तुझं ते भंगार एकदा तरी उपयोगी पडू दे."

मंगळवार, १०

कपाट उपसलं. एकोणीस जुन्या हार्ड डिस्क. त्या सालची ऐंशी जीबीची, विटेसारखी जड. आणली तेव्हा सेंटरचे मालक, आमचे मोठे डॉक्टर, म्हणाले होते, "जन्मभर पुरेल." चौदा महिन्यांत गळ्याशी आली! आता काडेपेटीएवढ्या डिस्कमध्ये अशा पन्नास मावतात.

गुरुवार, १२

डिस्क लावली. घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. एक टक्का. चहा. दोन टक्के. आजच्या डिस्कवरून एवढं सगळं पाच मिनिटांत उतरलं असतं. पण हिला घाई केली तर मान टाकेल.

शुक्रवार, १३

एकसष्ट टक्के. ताईचा फोन — "मिळाला का रे?"

शनिवार, १४

मिळाला! ताईचं नाव, वय एकेचाळीस. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

सोमवार, १६

डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. जुन्यात डाग नाही. "म्हणजे नवा आहे. वेळ घालवू नका." पुढच्या मंगळवारी ऑपरेशन.

ताईने गाडीत बसून पट्टा लावला. मग म्हणाली, "पोहणं शिकवता येईल ना रे मला?" तीस वर्षं तरणतलावावर काढली आहेत तिने. म्हटलं, का नाही येणार.

बुधवार, १८

आज डबा उघडताना लख्ख आठवलं. लिहायला हात धजत नाही.

स्कॅन म्हणजे छातीचे पावासारखे काप. ताईच्या जुन्या फोल्डरमध्ये अठ्ठावीस आहेत. असायला हवेत छप्पन्न. डिस्क भरत आली होती, नवी मंजूर होत नव्हती. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला — रिपोर्ट होऊन गेलेल्या स्कॅनमधला एकाआड एक काप पुसायचा. मग नंबर पुन्हा सलग लावायचे, नाहीतर उघडताना अडखळायचं. तेवढ्याच डिस्कमध्ये दुप्पट पेशंट! मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली, मीही चारचौघांत मिरवलं. दोन वर्षं चाललं ते. मोठे डॉक्टर गेले. आता हे फक्त मला माहीत.

मिऱ्याएवढा डाग पुसलेल्या कापात असू शकतो. तेव्हा तो नव्हता, असं त्या स्कॅनवरून म्हणताच येत नाही. जुना रिपोर्टही काढून पाहिला. सगळा बरगड्यांचा, फुफ्फुसाबद्दल अक्षर नाही.

गुरुवार, १९

डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. सांगितलं तर म्हणतील, थांबू, तीन महिन्यांनी बघू. आणि डाग वाईटच निघाला तर? माझ्या शब्दावर ताईचे तीन महिने वाया.

हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की त्या दोन वर्षांतले सगळे स्कॅन असेच आहेत, हजारो, आणि मला निवृत्तीला चार महिने राहिलेत. लाज वाटते.

शनिवार, २१

बायको — "जेवत का नाही तुम्ही?" ताईची काळजी, म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

सोमवार, २३

दवाखान्यात ताईची पिशवी लावून दिली. ती म्हणाली, "तू आहेस ना, मग मला काही वाटत नाही." डॉक्टर समोरून दोनदा गेले. बोललो नाही.

मंगळवार, २४

झालं ऑपरेशन. डाग खोलात होता, म्हणून उजव्या फुफ्फुसाचा अख्खा खालचा भाग काढला.

मंगळवार, ३१

गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. कधीतरी होऊन गेलेल्या आजाराचा बरा झालेला व्रण — डॉक्टर म्हणाले, वीस-पंचवीस वर्षांचा तरी असेल. भाचीने मला मिठी मारली. ताईला अजून एका दमात वाक्य होत नाही. माझा हात धरून थांबत थांबत म्हणाली, "तू ती डिस्क शोधलीस... म्हणून वेळेवर झालं सगळं."